'ब्राइड अँड प्रेज्युडिस' : पूर्वग्रह नेमका कोणाचा?

कोनाडा (धागालेखिका)

मागच्या आठवड्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता आटोपून आम्ही सगळ्या जणी रात्री ताईच्या घरी टेकलो होतो, तेव्हा भाचीने 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' लावला. २००४ साली तो आला तेव्हाही मी पाहिला होता आणि रंगीबेरंगी, गाण्यांनी भरलेला एक गोड चित्रपट एवढीच नोंद मनाशी ठेवून विसरून गेले होते. या वेळी मात्र शेवटच्या वरातीत, हत्ती येऊन ललिता आणि डार्सी एकत्र दिसले, तेव्हा ताई सहज म्हणाली, "एवढ्या लांबचा, परक्या धर्माचा जावई आला, आणि या घरात कोणी एक शब्दही विचारत नाही गं." भाचीने टीव्हीचा आवाज कमी केला. तिचा होणारा नवरा कन्नडभाषक घरातला आहे, इथे सोलापुरातच होटगी रस्त्यावर राहणारा, म्हणजे ताईच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांच्या अंतरावरचा. आणि त्या पंधरा मिनिटांच्या अंतरासाठी आमच्याकडे दीड वर्ष बोलणी, रुसवे आणि अबोले झाले. ताईचे ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. गुरिंदर चढ्ढा यांनी ती अमृतसरच्या बक्षी कुटुंबात आणली. कादंबरीतील पाच बहिणींच्या येथे चार झाल्या. एलिझाबेथची ललिता झाली (ऐश्वर्या राय), थोरल्या जेनची जया (नम्रता शिरोडकर), वडील अनुपम खेर आणि आई नादिरा बब्बर. जेनच्या प्रेमात पडणारा बिंग्ली हा लंडनचा बलराज झाला, आणि डार्सी मात्र डार्सीच राहिला. फक्त तो इंग्लंडमधील जमीनदाराऐवजी अमेरिकेतील हॉटेलांचा मालक झाला (मार्टिन हेंडरसन).

माझे म्हणणे असे आहे की यातील 'प्राइड'चे रूपांतर चढ्ढा यांना उत्तम साधले आहे, परंतु 'प्रेज्युडिस'चे रूपांतर अर्धेच झाले आहे. गोव्यातील प्रसंग आठवून पाहा. डार्सी तेथे एक हॉटेल विकत घेण्याच्या विचारात आहे, आणि ललिता त्याला सुनावते की तुम्हाला भारत हवा आहे, पण भारतीय माणसांशी संबंध नको आहे. हा आजच्या काळातला खराखुरा स्वाभिमान आहे, आणि ऑस्टिनच्या एलिझाबेथला तो शोभलाही असता. तसेच डार्सीची आई. योग, मसाले आणि आध्यात्मिक गुरू असे सगळे काही इकडेच मिळत असल्याने आता भारतात जाण्याची गरज उरली नाही, अशा अर्थाचे ती बोलते, तेव्हा कादंबरीतील डार्सीच्या मावशीचा, लेडी कॅथरीनचा, उद्धटपणा बरोबर आजच्या भाषेत उतरतो.

पण हे सारे पूर्वग्रह बाहेरून येणाऱ्यांचे आहेत. बक्षींच्या घरात, त्या गल्लीत, त्या नात्यागोत्यात काहीच नाही? कादंबरीत मुलीचा मान, कुटुंबाची पत आणि शेजारपाजारचे बोलणे यांचा दाब प्रत्येक पानावर जाणवतो. चित्रपटातील आईला जावई श्रीमंत असला म्हणजे पुरते; त्याची भाषा, त्याचा देव, त्याच्या घरचे जेवण यांपैकी कशाचीच तिला अडचण वाटत नाही. मी स्वतः मराठी घरातून शहराच्या पूर्वभागातील एका तेलुगू पद्मशाली (विणकर) घरात लग्न करून आलेली आहे, त्यामुळे हा मुद्दा मला केवळ चित्रपटापुरता वाटत नाही. आपले मत अवश्य लिहावे.

सातरस्ता

धागा आवडला. मी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष प्रथम एका वेगळ्याच गोष्टीकडे गेले, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथे सापडते असे वाटते.

कादंबरीचा सगळा डोलारा एका कायदेशीर अटीवर उभा आहे. एलिझाबेथचे वडील बेनेट यांचे लाँगबर्न हे घर आणि जमीन केवळ पुरुष वारसाकडेच जाऊ शकते. मुलगा नसल्यामुळे ती दूरच्या नात्यातील कॉलिन्सकडे जाणार आहे. बाप वारला की पाच मुली आणि त्यांची आई बेघर. बेनेट यांचे वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड आहे, डार्सीचे दहा हजार. आणि कॉलिन्स मागणी घालताना एलिझाबेथला तोंडावर ऐकवतो की तिच्या वाट्याला चार टक्क्यांनी गुंतवलेले एक हजार पौंड येतील, तेही आई गेल्यानंतर. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. मिसेस बेनेट यांना आपण हसतो खरे, परंतु त्या घरात हिशेब समजणारी तीच एक बाई आहे. नवरा पुस्तकात तोंड खुपसून बसतो; मुलगा होईल आणि प्रश्न सुटेल, या भरवशावर त्याने आयुष्यभर एक पैही शिल्लक टाकलेली नाही.

आता हीच अट अमृतसरला आणून पाहा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे. मुलगा नसलेला माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी आणि मुली या वर्ग एकच्या वारस ठरतात. बक्षींची पत्नी आणि चार मुली, म्हणजे पाच समान वाटे. चित्रपटातील कॉलिन्स, म्हणजे कोहली नावाचा गृहस्थ, लॉस एंजेलिसहून येऊन त्या घराच्या एका विटेवरही हक्क सांगू शकत नाही. त्यामुळे पटकथेला तो धागा सोडून देणे भागच होते, आणि म्हणूनच कोहली वारस म्हणून न येता ग्रीन कार्ड घेऊन येतो. बदल समजण्यासारखा आहे. परंतु आईच्या घाईमागची भीती त्याबरोबरच निघून गेली आणि उरली ती फक्त घाई; त्यामुळे नादिरा बब्बर यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीच्या वाट्याला आरडाओरडाच अधिक आला.

खरे तर भीतीची जागा रिकामी ठेवण्याचे कारण नव्हते. कायद्याने मुलीला वाटा दिला तरी आमच्या कचेरीत दर महिन्याला हक्कसोडपत्रावर सह्या करण्यासाठी बहिणी येतात. सातबाऱ्यावर नाव लागले तर माहेर तुटेल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. कोणी काही बोलत नाही, भाऊ चहा मागवतो, आणि सही होते. मुलीने जातीबाहेर लग्न केले असेल तर ती सही अधिक लवकर मागितली जाते, हेही मी पाहिले आहे. केंद्राची २००५ सालची दुरुस्ती आणि त्याआधी महाराष्ट्राने १९९४ साली केलेली दुरुस्ती यांमुळे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींची बाजू कागदावर भक्कम झाली, पण त्या चहाच्या कपापाशी काही फारसे बदललेले नाही. कोणी हे ओळखून पटकथा लिहिली असती, तर लाँगबर्नचे घर भारतात जसेच्या तसे उभे राहिले असते.

उंबरठा

सातरस्ता यांनी हक्कसोडपत्राचा जो प्रसंग लिहिला आहे, तो वाचून थांबावे लागले. माझ्या आईने अशी सही केलेली आहे.

मला या चित्रपटात सर्वांत खरी वाटली ती चंद्रा लांबा, म्हणजे कादंबरीतील शार्लट ल्युकस. आपल्या सोनाली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली आहे. 'दोघी' ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही अभिनेत्री न बोलता किती सांगू शकते हे वेगळे सांगायला नको. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे, रूपाने साधी आहे, आणि एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती शांतपणे होकार देते. एलिझाबेथला मैत्रिणीचा हा निर्णय पटत नाही आणि वाचकालाही आरंभी पटत नाही. दुसऱ्या वाचनात मात्र शार्लटचीच बाजू बरोबर वाटू लागते, निदान मला तरी वाटली.

चित्रपटात कोहलीची थट्टा पुष्कळ केलेली आहे. चौघी बहिणी घरातच नाचत, गात त्याची नक्कल करतात, ते गाणे लोकप्रियही झाले. परंतु ज्या माणसाला ललिताने हसून उडवले त्याच्याचबरोबर चंद्रा संसार मांडते, आणि तिच्या बोलण्यात तक्रार नसते; हा माणूस माझी किंमत करतो, एवढाच तिचा सूर असतो. माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच परदेशी गेल्या. एक सुखात आहे. दुसरी दीड वर्षाने एका बॅगेसह सोलापूरला परत आली, आणि तिच्या आईने शेजारी 'बाळंतपणासाठी आली आहे' असे सांगितले, जे खरे नव्हते. चित्रपटाने चंद्राला पहिलीचे नशीब दिले, त्याचे मला वाईट वाटत नाही. फक्त, परदेशातील स्थळ पाहताना घरातील कोणालाही दुसऱ्या शक्यतेची धास्ती वाटू नये, हे मात्र पटत नाही. आणि येथे मी कोनाडा यांच्याशी सहमत आहे.

थेम्सकाठ

मी मूळचा सोलापूरचा, गेली काही वर्षे लंडनमध्ये नोकरीनिमित्त आहे. मला या चर्चेत थोडा वेगळा सूर लावायचा आहे.

चढ्ढा यांचा जन्म नैरोबीचा आणि वाढ लंडनमधील साउथॉलची. या चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी, २००२ साली, त्यांनी 'बेंड इट लाइक बेकहॅम' केला, आणि त्यात घरातल्या पूर्वग्रहांना त्यांनी अजिबात सोडलेले नाही. मुलीने फुटबॉल खेळू नये यासाठी आई काय काय करते ते त्यात पाहावे. म्हणजे त्यांना घर दिसत नव्हते असे म्हणता येणार नाही. मला वाटते, 'ब्राइड'मध्ये त्यांना साउथॉलच्या खिडकीतून अमृतसर पाहायचे होते, आणि परक्या देशात वाढलेल्या माणसाला आजोळ नेहमी जास्तच उजळ दिसते.

शिवाय या चित्रपटात एक पूर्वग्रह असा आहे, ज्याकडे धागालेखिकेचे लक्ष गेलेले दिसत नाही. बलराजची बहीण किरण (इंदिरा वर्मा) ही रक्ताने भारतीय आहे, पण अमृतसरच्या लग्नघरात ती नाक वर करून वावरते. गोऱ्या डार्सीपेक्षा तिला त्या गर्दीची अधिक लाज वाटते. हा अपमान मी येथे अनेकदा पाहिला आहे. नवीन आलेल्या माणसाच्या इंग्रजी उच्चारांवर गोरा शेजारी हसत नाही. हसतो तो येथे जन्मलेला आपलाच मुलगा. कादंबरीतील कॅरोलाइन बिंग्लीला आपल्या घराण्याचा पैसा व्यापारातून आला आहे हे विसरायचे असते. किरणला ती कोणत्या देशातून आली आहे ते विसरायचे आहे. हे रूपांतर मला फार नेमके वाटले.

ललिताची धाकटी बहीण लाखी विकम या लबाड तरुणाबरोबर निघून जाते तो भागही पुन्हा पाहावा. लंडनच्या चित्रपटगृहात पडद्यावर 'पूरब और पश्चिम' चालू असतो, आणि त्याच्यासमोर डार्सी आणि विकम यांची मारामारी होते. १९७० सालच्या त्या चित्रपटात पश्चिम म्हणजे बिघडलेली मुलगी. आणि येथे त्याच पडद्यापुढे एक पाश्चात्त्य माणूस भारतीय मुलीच्या अब्रूसाठी हाणामारी करतो आहे. एवढा विचार करणाऱ्या दिग्दर्शिकेने घरातले काहीच पाहिले नाही, हे म्हणणे मला कठोर वाटते.

कोनाडा

थेम्सकाठ, किरणचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो माझ्याकडून निसटला होता. 'पूरब और पश्चिम'चा संदर्भ तर मला ठाऊक असूनही मी त्याचा असा अर्थ लावला नव्हता. तरीही किरण लंडनची आहे. माझा प्रश्न अमृतसरच्या स्वयंपाकघराचा आहे, आणि तो अजून शिल्लक राहतो.

पांढरी ज्वारी

ज्यांना रूपांतर कसे असावे हे पाहायचे आहे, त्यांनी 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. राजीव मेनन यांचा हा तमिळ चित्रपट २००० सालचा. आधार ऑस्टिन यांच्याच 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चा. गंमतीची गोष्ट अशी की धाकट्या, भावनाप्रधान बहिणीच्या भूमिकेत येथेही ऐश्वर्या रायच आहे, आणि थोरल्या, संयमी बहिणीच्या भूमिकेत तब्बू. मामुट्टी यांचा मेजर युद्धात पाय गमावून आलेला आहे. कादंबरीतील कर्नल ब्रँडनच्या उदासीपणाला त्यामुळे एक ठोस, भारतीय कारण मिळते.

सातरस्ता यांनी घर जाण्याच्या भीतीविषयी लिहिले, ती भीती येथे पूर्ण शाबूत आहे. मृत्युपत्रामुळे वाडा हातातून जातो, आई आणि मुली चेन्नईला येतात, आणि थोरली मुलगी नोकरीसाठी दारोदार फिरते. भरल्या घरातून निघताना त्या बायका मागे वळून पाहतात तो प्रसंग पाहून मी रडलो होतो. त्यात परदेशही नाही आणि गोरा नायकही नाही. तरीही तो ऑस्टिनच्या अधिक जवळचा वाटतो, कारण पैसा आणि प्रेम यांची गाठ त्यांनी सुटू दिलेली नाही. आमच्या घरी तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलले जाते, तमिळ कोणालाच येत नाही. तरीही हा चित्रपट आजीसह सगळ्यांनी पाहिला.

जुनी पेठ

वयाने तुम्हा सर्वांहून मोठा आहे, म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगतो.

पहिली, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' भारतात यापूर्वीही आली होती. १९८५ साली दूरदर्शनवर 'तृष्णा' ही मालिका लागत असे. तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि सतरंजीवर बसून सगळ्या बिऱ्हाडांतील बायका ती पाहत असत. त्यातील सगळीच माणसे भारतीय होती, आणि एकाच शहरात श्रीमंत घर आणि मध्यमवर्गीय घर यांच्यात केवढी दरी असते हे त्या बायकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट सोलापूरची. दोन देशांतील प्रेमाची कथा हवी असेल तर ती आपल्याच गावात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली येथेच झाला. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि १९४१ साली त्यांनी तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ते मूल जेमतेम काही महिन्यांचे असताना, डिसेंबर १९४२ मध्ये डॉक्टर गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट केला. भैय्या चौकातील स्मारकात मी नातवंडांना घेऊन जातो तेव्हा शस्त्रक्रियांच्या गोष्टींपेक्षा मुलाच्या त्या नावापाशी अधिक वेळ थांबतो. दोघांपैकी कोणी आपला देश सोडला नाही आणि दुसऱ्याचा नाकारलाही नाही, हे त्या दोन अक्षरांत आहे.

आणि कोनाडा, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत दर जानेवारीला होणारा अक्षता सोहळासुद्धा मुळात अशाच एका लग्नाचा आहे. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याची इच्छा धरली, आणि त्या योग्याने आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास अनुमती दिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सात नंदीध्वज येतात, संमती वाचली जाते, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हणताच लाखो हात अक्षता टाकतात. त्यात कन्नड बोलणारे असतात, तेलुगू बोलणारे असतात, मराठी असतात. एरवी आपापल्या घरात मुलीचे नाव निघाले की तेच हात आखडतात, याचे मला फार दुःख होते.

उंबरठा

जुनी पेठ, संमती 'वाचली' जाते हे मी दरवर्षी ऐकते, परंतु त्या शब्दाकडे आज पहिल्यांदाच लक्ष गेले. कोनाडा, तुम्हाला एक विचारू का? चित्रपटातील घरात काय नव्हते हे तुम्ही सांगितलेत. काय असायला हवे होते? तुमच्या लग्नात ते काय होते?

कोनाडा

विचारलेत म्हणून लिहिते. याआधी मी हे कोठेही लिहिलेले नाही.

लग्नानंतर माझे वडील आठ महिने आमच्या घरी आले नाहीत. विजापूर रस्ता ते अशोक चौक, केवढेसे अंतर आहे. आई चोरून येऊन जायची, येताना पिशवीत शेंगाचटणी आणायची आणि माझ्या सासूला ती कशी कुटायची हे मराठीत सांगायची. सासू तेलुगूत उत्तर द्यायची, आणि दोघींचे बरे चालायचे. वडील मात्र ठाम होते. ते वाईट माणूस नव्हते. 'त्यांच्यात घरात काय बोलतात?' हा त्यांचा एकच प्रश्न होता, आणि नातवंडे आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतील, ही त्यामागची भीती होती. ती भीती खोटी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

एका दुपारी ते कोणालाही न सांगता आले. आमच्या घरात पुढच्या खोलीतच टॉवेलचे दोन यंत्रमाग होते. माग चालू असला की शेजारी उभ्या माणसाचेही ऐकू येत नाही. आमच्याकडची माणसे ओठांवरून ओळखतात. वडील दारात उभे राहून काहीतरी म्हणाले, कोणाला काही कळले नाही, आणि ते तसेच अवघडून उभे राहिले. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना पाहिले, आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही माग बंद केले. ज्यांच्याकडे मागाचे काम आहे त्यांना ठाऊक असेल की भरदिवसा चालता माग कोणी पाहुण्यासाठी थांबवत नाही; मजुरी नगावर असते. त्या घरात दिवसा मी कधी एवढी शांतता ऐकली नव्हती. हातांना लागलेला कापसाचा भुगा पंच्याला पुसत मामा अडखळत्या मराठीत म्हणाले, "बसा. आता बोला."

वडील बसले. पहिला अर्धा तास ते फक्त मागाविषयी विचारत होते.

ललिताचे वडील आणि डार्सी असे एका खोलीत, दोघांनाही नीट न येणाऱ्या भाषेत, एकमेकांसमोर बसलेले मला पाहायचे होते. अनुपम खेर यांनी तो अर्धा तास फार सुंदर केला असता.

भाचीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे. ताई सध्या व्याह्यांकडून हुग्गी हा त्यांच्याकडचा पदार्थ करायला शिकते आहे.